सरकारी गाड्या: डिझेल, सीएनजी, इथेनॉल की वीज? कोल्हापूरपुरता हिशेब मांडूया

लेखाशीर्ष (धागाकर्ता)

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद झालं. तेव्हापासून जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या कार्यालयाच्या आवारात जा, निर्लेखनाची (मोडीत निघण्याची) वाट बघणारी एखादी सुमो किंवा जीप टायर बसलेल्या अवस्थेत उभी दिसते. आणि आत गेलं की चर्चा एकच: आता नवीन कुठली घ्यायची? एक म्हणतो ईव्ही, दुसरा म्हणतो सीएनजी, तिसरा म्हणतो डिझेलच बरं बाबा, गगनबावड्याला जायचं असतं.

मी हिशेब विभागातला निवृत्त माणूस. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, पण पीओएलची (पेट्रोल, ऑइल, वंगण) बिलं भरपूर तपासलीत. म्हणून फक्त आकडे मांडतो. दर रोज बदलतात, त्यामुळे हिशेबापुरते असे धरलेत: पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९१, सीएनजी ९० रुपये किलो, चार्जिंगची वीज ९ रुपये युनिट. तुमचे दर वेगळे असतील तर तेवढे बदलून घ्या.

साधी सेडान शहरात पेट्रोलवर १५ चा ॲव्हरेज देते असं धरलं तर किलोमीटरला ७ रुपये. तीच सीएनजीवर किलोला २२ देत असेल तर ४ रुपये १० पैसे. डिझेल जीप १२ देते, म्हणजे साडेसात रुपये. विजेची गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, युनिटला साडेसहा किलोमीटर, म्हणजे १ रुपया ४० पैसे.

इथंच सगळे टाळ्या वाजवून उठतात. थांबा जरा.

अधिकाऱ्याची गाडी वर्षाला धावते किती? शहरातल्या कार्यालयाची गाडी रोज ४० किलोमीटर आणि वर्षात २५० दिवस धरली तर १०,०००. पेट्रोलच्या तुलनेत विजेची गाडी वर्षाला ५६,००० वाचवते. ती ५ लाखांनी महाग पडत असेल तर पैसे वसूल व्हायला नऊ वर्षं. सीएनजीचे जादा ९५,००० सव्वातीन वर्षांत सुटतात. तीच विजेची गाडी वर्षाला २५,००० किलोमीटर धावली तर साडेतीन वर्षांत खर्च भरून निघतो.

आता खरी गंमत. चालकाचा पगार भत्त्यांसकट महिना ४५,००० धरला तर वर्षाला ५ लाख ४० हजार होतात. पेट्रोल ७०,००० चं. म्हणजे आपण ज्या आकड्यावर बैठकांमागून बैठका घेतोय तो त्या गाडीच्या खर्चातला सगळ्यात किरकोळ आकडा आहे. चाळीस किलोमीटर धावणाऱ्या दोन गाड्यांची एक केली, तर जे वाचतं ते कुठलंही इंधन बदलून वाचणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, आधी गाडी रोज किती धावते ते बघा आणि मग इंधन ठरवा. आपल्याकडे उलटं चालतं. यात कुठं चूक दिसली तर सांगा, आणि प्रत्यक्ष गाड्यांशी संबंध असणाऱ्यांनी जरूर लिहा.

स्टिअरिंग

नमस्कार साहेब. मी तुमच्या त्या ५ लाख ४० हजारातला माणूस. (पगार अजून एवढा झाला नाही, पण असू दे.)

तुमचा हिशेब किलोमीटरवर आहे, आणि आमचं डिझेल किलोमीटरवर जळत नाही. ते थांबून जळतं. साहेब आत मीटिंगला गेले की निरोप येतो, "एसी चालू ठेव, पाच मिनिटांत आलो." ती पाच मिनिटं दीड तासाची असतात. एसी लावून उभी जीप तासाला पाऊण-एक लिटर खाते. दिवसाला दोन तास असं उभं राहिलं तर दीड-पावणेदोन लिटर गेलं, आणि चाक एक इंचही फिरलेलं नसतं.

लॉगबुकात यासाठी रकाना नाही. गाडीचा ॲव्हरेज ठरवून दिलेला असतो, त्यात बसवावं लागतं. आता कसं बसवतात ते मला विचारू नका, तुम्ही हिशेबातले आहात, तुम्हाला माहीत आहे.

मी एकदा दुसऱ्या विभागाची भाड्याची ईव्ही चालवली आहे. तासभर एसी लावून उभी केली की साधारण एक युनिट जातं. म्हणजे नऊ रुपये. डिझेलचे सत्तर-ऐंशी जातात. तुमच्या कागदावर हे धरलंच नाही, ते धरलं की ईव्हीची नऊ वर्षं बरीच खाली येतील.

लेखाशीर्ष

@स्टिअरिंग, हे मोलाचं सांगितलंत. दिवसाला दीड लिटर म्हणजे २५० दिवसांचे ३७५ लिटर, ३४,००० रुपये. जीपच्या जागी ईव्ही धरली तर वर्षाची बचत इंधनाचे ६२,००० आणि हे ३०,००० मिळून ९०,००० च्या पुढे जाते. नवाची साडेपाच वर्षं झाली.

पण मग दुसराही प्रश्न येतोच. साहेब आत असताना एसी का चालू ठेवायचा?

स्टिअरिंग

ते तुम्ही विचारा साहेब. मला अजून नोकरी करायची आहे.

उद्यमनगरी

अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर कशाला एवढं डोकं लावताय? खरा विषय घंटागाडीचा आहे.

आमच्या वर्कशॉपला पालिकांच्या कचऱ्याच्या गाड्या येतात. कुठल्या पालिकेच्या ते सांगत नाही, धंदा आहे. छोटा टिपर एका पाळीत शेकडो वेळा थांबतो आणि सुटतो. पहिला गिअर, दहा फूट, क्लच, ब्रेक, परत पहिला गिअर. कंपनी कागदावर १८-२० चा ॲव्हरेज सांगते, प्रत्यक्ष ८-९ पडतो. क्लच प्लेट वर्ष काढत नाही.

त्यात एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हे धुराचे कडक निकष आले. सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, तो भरला की स्वतःच तापून काजळी जाळतो. पण त्यासाठी गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं वेगात पळायला लागते. मंगळवार पेठेतल्या बोळातनं कुठनं पळवणार? फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गाडी जोर सोडते, ड्रायव्हर तशीच रेटतो, मग आमच्याकडे टोचन लावून येते. हे इंजिन हायवेसाठी बरं आहे. गल्लीत फिरणाऱ्या टिपरला ते देणं म्हणजे पैलवानाला दिवसभर उठाबशा काढायला लावून कुस्ती नकोच म्हणणं.

विजेच्या टिपरला क्लच नाही, गिअर नाही, फिल्टर नाही. उभा असला की मोटर काही खात नाही, ब्रेक मारला की थोडी वीज परत बॅटरीत. रोजचं धावणं ठरलेलं, ४०-५० किलोमीटर. रात्री एकाच जागी मुक्काम. याच्यापेक्षा सोपं गिऱ्हाईक ईव्हीला मिळणार नाही.

पण फुकट काही नसतं. कचऱ्याचं पाणी. हौद्यातनं गळतं ते थेट खालच्या वायरिंगवर. ते नुसतं पाणी नसतं, आंबट असतं, तांब्याला हिरवं करतं. मी एक कनेक्टर उघडला तर पिना अर्ध्या खाल्लेल्या. बॅटरी ठणठणीत, मोटर ठणठणीत आणि एवढ्याशा कनेक्टरपायी गाडी दहा दिवस उभी, कारण तो पार्ट इथं मिळत नाही. निविदेत किमतीबरोबर "खालचं वायरिंग बंद पेटीत, हौद्याला गळतीची वेगळी टाकी आणि पार्ट अमुक दिवसांत" हे लिहून घ्या. नाहीतर एल-वन (सगळ्यात कमी दर भरणारा) येतो आणि आमचा धंदा चालतो.

लेखाशीर्ष

टिपरचा हिशेब लगेच करतो. रोज ४५ किलोमीटर आणि वर्षात ३५० दिवस, कारण कचऱ्याला सुट्टी नाही. जवळजवळ १५,७५० किलोमीटर. डिझेलवर ९ चा ॲव्हरेज म्हणजे १० रुपये किलोमीटर. विजेवर पाव युनिटच्या आतबाहेर, दोन-सव्वादोन रुपये. वर्षाला सव्वा लाख वाचतात. गाडी ४ लाखांनी महाग असली तरी सव्वातीन वर्षांत मोकळे, क्लच प्लेटा वेगळ्या. अधिकाऱ्याच्या गाडीपेक्षा हे कितीतरी स्वच्छ गणित आहे. दोन्ही अर्थांनी.

रंकाळ्याकाठची

मी ऊर्जा लेखापरीक्षण करते, म्हणून धुराची बाजू मांडते. पैशाइतकीच तीही गुंतागुंतीची आहे, आणि "ईव्ही म्हणजे शून्य प्रदूषण" हे वाक्य मला सरकारी कागदावर दिसलं की लाल शाई काढावीशी वाटते.

एक लिटर डिझेल जळलं की २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. पेट्रोल २.३. सीएनजी किलोला पावणेतीन. आणि देशाच्या ग्रिडमधलं (वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यातलं) एक युनिट तयार होताना, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे, ०.७ किलोच्या थोडं वर. ते युनिट आपल्या प्लगपर्यंत येईपर्यंत तारांत गळतं, ते १५ टक्के धरूया.

आता लेखाशीर्षकाकांच्याच गाड्या घेते. किलोमीटरला डिझेल जीप २२३ ग्रॅम. पेट्रोल सेडान १५४. सीएनजी १२५. ईव्ही १३०.

हो, ईव्ही आणि सीएनजी जवळजवळ बरोबरीत. तेल आणि गॅस काढून, शुद्ध करून, वाहून आणण्याचं उत्सर्जन धरलं तर पेट्रोल-डिझेलचे आकडे आणखी पाचव्या हिश्श्याने वर जातात. सीएनजीची गोम वेगळीच आहे. वाटेत जो मिथेन गळतो तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास. थोडी गळतीही सगळा फायदा खाते. म्हणून ईव्ही पुढे आहे, पण फोटोतल्या हिरव्या पानाएवढी नाही.

माझ्या मते यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा इंधनाचा नाहीच. जीपऐवजी छोटी पेट्रोल गाडी घेतली तरी ३० टक्के उत्सर्जन तिथंच कमी होतं. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या अधिकाऱ्याला उंच जीप कशाला लागते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

मळीचा_माणूस

ताई, ग्रिड ग्रिड काय करताय. आपल्याकडे कोयनेची वीज आहे, राधानगरीला शाहू महाराजांनी धरण बांधलं तिथं वीज होते, कारखान्यांची सहवीजनिर्मिती आहे. कोळसा आणलाच कुठनं?

रंकाळ्याकाठची

दादा, राधानगरीचा अभिमान मलाही आहे. पण तारेत वीज आली की ती कोयनेची की चंद्रपूरची हे ओळखता येत नाही. कोयनेचं पाणी संध्याकाळची मागणी भागवायला आधीच वापरात आहे. आपण रात्री नवीन भार टाकला तर तो उचलायला बहुतेक वेळा कोळशाचंच केंद्र जोर लावतं. २०२५ मध्ये देशाची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म झाली हे खरं आहे, पण ती क्षमता आहे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून ७० टक्क्यांच्या घरात आहे.

वेगळं काही करायचं असेल तर छतावर करा. सरकारी गाड्या अकरा ते पाच कुठे असतात? बहुतेक आवारात उभ्या. एक किलोवॅट सौर पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. १० किलोवॅटचं छत म्हणजे ४० युनिटं, अडीचशे किलोमीटरची सोय, आणि तीही उन्हातली. कार्यालयीन गाड्यांच्या बाबतीत ईव्हीला खरं वजन इथं येतं. बसचं उलटं आहे, ती दिवसा रस्त्यावर आणि रात्री चार्जिंगला.

मळीचा_माणूस

बरं, वीज सोडा. इथेनॉलचं कोणीच बोलेना. ऊस आपला, मळी आपली, डिस्टिलरी आपली आणि पैसा अरबांना? नीती आयोगाचाच आकडा आहे, उसाच्या इथेनॉलचं उत्सर्जन पेट्रोलपेक्षा ६५ टक्के कमी. पंपावर ई-ट्वेंटी, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आलंच आहे. सरकारी गाड्या फ्लेक्स-फ्युएल (जास्त इथेनॉलवरही चालणाऱ्या) करा, कोल्हापूरचं नाव देशात होईल. हाय का नाद!

लेखाशीर्ष

नाद आहेच, पण तीन अडचणी आहेत.

पहिली साधी आहे. सरकारी ताफ्यात जीप, रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर, जेसीबी, बस ही सगळी डिझेलची जात. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं. आपल्या ताफ्याच्या मोठ्या हिश्श्याला त्याचा स्पर्शच होत नाही.

दुसरी दराची. २०२४-२५ मध्ये सी-हेवी (साखर पुरती काढून उरलेल्या) मळीच्या इथेनॉलला कारखान्याच्या दारात मिळणारा दर जवळपास ५८ रुपये होता, बी-हेवीला (थोडी साखर राहिलेल्या मळीला) ६०.७३, थेट रसाच्या इथेनॉलला ६५.६१. स्वस्त वाटतं. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. म्हणजे ६० रुपयांचं इथेनॉल पेट्रोलच्या मापात ९० ला पडतं, त्यावर कर, वाहतूक, कमिशन. ई-ट्वेंटीसाठी न बनलेल्या जुन्या चारचाकीचा ॲव्हरेज ६-७ टक्क्यांनी पडेल असं नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात होतं. तो तोटा पीओएलच्या बिलातच येतो.

तिसरी खात्रीची. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने एका आदेशात रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, कारण पाऊस कमी झाला आणि साखर कमी पडेल अशी भीती होती. पुढच्या ऑगस्टमध्ये ती उठली. पण पावसावर अवलंबून असलेल्या इंधनावर रुग्णवाहिका ठेवायची का?

मळीचा_माणूस

रुग्णवाहिका नका ठेवू. पण मग गॅसचं बघा. प्रेसमडचं, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळाचं.

शंभर टन ऊस गाळला की तीन-चार टन प्रेसमड निघतो. पंचवीस टन प्रेसमडपासून साधारण एक टन शुद्ध बायोगॅस. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना म्हणजे १७५ टन प्रेसमड, म्हणजे रोज सात टन गॅस. अशा गॅससाठी केंद्राची 'सतत' योजना २०१८ पासून आहेच. हा गॅस सीएनजीच्या गाडीत जसाच्या तसा चालतो, गाडी बदलायला नको. आणि उरलेला चोथा शेतात खत म्हणून जातो.

अडचण मीच सांगतो, कारण ती रोज नाकाला लागते. हंगाम चार-पाच महिन्यांचा. प्रेसमड साठवला की हळूहळू त्यातला गॅस आधीच उडून जातो, ढीग आतनं तापतो, वास मैलभर. वर्षभर प्लँट चालवायचा तर दुसरं काहीतरी घालायला पाहिजे.

रंकाळ्याकाठची

आणि ते दुसरं काहीतरी शहरात आहे! ओला कचरा. इंदूरने फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेणारा प्रकल्प सुरू केला, त्याची क्षमता रोज १७ टन गॅसची, आणि त्यातला निम्मा शहर बसला देण्याची योजना होती. कोल्हापूर इंदूरएवढं नाही, २०११ च्या जनगणनेत आपण साडेपाच लाख. पण कसबा बावड्याच्या झूम कचरा प्रकल्पावर शहराचा कचरा येतोच आहे, आणि हंगामात बाजूच्या कारखान्यांचा प्रेसमड. दादांनी मांडलेली गोष्ट इथेनॉलपेक्षा मला कितीतरी पटते. कुजून मिथेन हवेत जाणारच होता, तो पकडून जाळला. फक्त टाक्या आणि पाइप गळके नकोत, नाहीतर केलेलं पाण्यात.

ओला आणि सुका कचरा घरात वेगळा करायचा असतो, हे मात्र आपल्या गल्लीपासून सुरू करावं लागेल. आमच्या गल्लीत अजून सॅनिटरी पॅड, नारळ आणि वरण-भात एकाच पिशवीत.

चंदगडी

वाचतोय. सगळं शहराचंच चाललंय.

जिल्हा म्हणजे नुसतं राजारामपुरी ते रंकाळा नाही. आमच्याकडनं कोल्हापूर शंभराच्या वर किलोमीटर. आरोग्य विभागाची गाडी, कृषीची गाडी, लोकं जाऊन-येऊन दोन-अडीचशे करतात, मध्ये वाड्यावस्त्या. चार्जर कुठं? आणि पावसात लाईट जाते ती कधी दोन-दोन दिवस येत नाही.

आणि पूर विसरलात का? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्याच्या वर पाणी गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, गावं तुटलेली, बऱ्याच भागातली वीज बंद ठेवलेली. त्या दिवसांत ईव्ही चार्ज कशावर करणार होता?

उद्यमनगरी

चंदगडी भावा, बरोबर आहे, पण त्याच दिवसांत टँकर अडकल्यामुळे पंपावर पेट्रोल-डिझेलही अत्यावश्यक गाड्यांनाच मिळत होतं. आमच्या दारात रांग होती ती विसरलो नाही. डिझेलला पूर लागत नाही असं नाही. फक्त डिझेल कॅनमध्ये भरून होडीतनं नेता येतं, वीज नेता येत नाही.

पाण्यात गाडी घालण्याबद्दल: आयपी-सदुसष्ट बॅटरी म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते अशी चाचणी. वाहत्या गढूळ पाण्याची नाही. डिझेल जीपच्या हवेच्या पाइपात पाणी गेलं तर तिचंही इंजिन खल्लास. पुरात कुठलीच घालू नका.

रंकाळ्याकाठची

घाटाबद्दल थोडं. लोकांना वाटतं चढावर बॅटरी संपते. पावणेदोन टनाची गाडी १०० मीटर उंच चढवायला अर्धं युनिट जादा लागतं, बस्स. उतरताना त्यातलं निम्म्याहून जास्त परत येतं. पन्हाळा, आंबा, गगनबावडा हे ईव्हीला अवघड नाहीत. अवघड आहे ते अंतर आणि चार्जरचा पत्ता. २०१७ मध्ये ईईएसएल या केंद्राच्या ऊर्जाबचत कंपनीने सरकारी कार्यालयांसाठी १०,००० विजेच्या गाड्यांची निविदा काढली होती, तेव्हाच्या गाड्या प्रत्यक्षात ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटरच जातात अशी दिल्लीतल्या अधिकाऱ्यांची तक्रार होती. आज गाड्या सुधारल्यात, दोनशेच्या वर सहज जातात. तरी चंदगड, आजरा, शाहूवाडीच्या फिरतीच्या गाड्या आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या गाड्या आत्ता डिझेलवरच राहू द्यात असं मीही म्हणेन.

पुणेकर_सध्या

मूळचा गंगावेशचा, पोटासाठी पुण्यात. बसचं कोणी नीट लिहिलं नाही म्हणून.

पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, देशभर १०,००० बस, कोल्हापूरला १००. यात पालिका बस विकत घेतच नाही. ठेकेदार बस आणतो, चालवतो, त्याला किलोमीटरमागे दर मिळतो. तिकिटाचे पैसे आपले. केंद्र किलोमीटरमागे मदत देतं, बारा मीटरच्या बसला २४ रुपये, नऊ मीटरला २२, सात मीटरला २०. चालक ठेकेदाराचा, बॅटरी ठेकेदाराची, वाहक आपला.

दराचा अंदाज हवा तर २०२२ ची पाच मोठ्या शहरांची एकत्र निविदा बघा. ५,४५० बस, बारा मीटरला सर्वात कमी दर ४३.४९ रुपये किलोमीटर, नऊ मीटरला ३९.२१. डिझेलपेक्षा २७ टक्के कमी असं तेव्हा सांगितलं गेलं. पण तो दर एवढ्या मोठ्या घाऊक खरेदीचा होता.

कळीची ओळ करारात आत असते: हमीचे किलोमीटर. समजा रोज २०० ची हमी दिली आणि गर्दीमुळे, रस्ते खोदल्यामुळे बस १५० च धावली, तरी बऱ्याच करारांत न धावलेल्या किलोमीटरचेही पैसे द्यावे लागतात, पूर्ण नाही तरी मोठा हिस्सा. कोल्हापूरची लांबी-रुंदी बघा. शहरातल्या शहरात रोज दोनशे किलोमीटर काढणं सोपं नाही. कागल, हातकणंगले, जोतिबा असे लांबचे मार्ग धरल्याशिवाय हमी भरणार नाही, आणि तिकडे एस.टी. आधीच आहे.

लेखाशीर्ष

म्हणजे परत रोजचे किलोमीटरच. आणि धुराचं काय, ताई?

रंकाळ्याकाठची

बसला तुलना कुठल्या बसशी करता त्यावर सगळं अवलंबून. विनाएसी डिझेल बस चारचा ॲव्हरेज देत असेल तर किलोमीटरला ६७० ग्रॅम, मागचं सगळं (तेल काढणं, शुद्ध करणं, आणणं) धरून ८००. एसी डिझेल बस पावणेतीन देते, तिचे मागचं धरून जवळपास १,१७०. एसी ई-बस सव्वा युनिटाच्या आत खाते, तारांची गळती धरून १,००० च्या थोडं वर.

म्हणजे खडखडणाऱ्या जुन्या विनाएसी बसच्या जागी चकचकीत एसी ई-बस आली तर आजच्या ग्रिडवर कार्बन कमी न होता थोडा वाढतो. एसी डिझेल बसशी तुलना केली तरच कमी होतो. हा आकडा उद्घाटनाच्या फलकावर येणार नाही.

पण बस दहा-बारा वर्षं चालणार, तोवर ग्रिड स्वच्छ होत जाईल, डिझेल आहे तिथंच राहील. आणि कार्बन हा एकच धूर नाही. मिरजकर तिकटीला थांब्यावर उभं राहून बघा, बस सुटली की चेहऱ्यावर येतो तो काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइडचा लोट. तो ई-बसने खरोखर शून्य होतो, आणि तिथे उभ्या असलेल्या पोराच्या छातीला त्याच दिवशी फरक पडतो. फक्त ते "हवामान बदल" या शीर्षकाखाली लिहू नका, "आरोग्य" खाली लिहा.

उद्यमनगरी

चार्जिंगचा भार कोणी काढलाय का? शंभर बस, प्रत्येकी १८० युनिटं, म्हणजे रात्रीत १८,००० युनिटं. सात तासांत भरायची तर अडीच मेगावॅटच्या पुढं जातंय. आमच्या कित्येक फाउंड्र्यांचा एवढा भार नाही. त्याला उच्चदाबाची वेगळी लाईन, ट्रान्सफॉर्मर आणि मंजूर भारावर दर महिन्याचा स्थिर आकार, बस धावो न धावो. हा आकार किलोमीटरच्या दरात धरलाय का, आणि कोण भरणार, पालिका की ठेकेदार?

पुणेकर_सध्या

करारावर आहे. डेपोपर्यंतच्या लाईनला योजनेतून पैसे मिळतात. महिन्याचं बिल कोणाचं ते प्रत्येक शहराचा करार उघडून वाचावं लागतं, आणि तो वाचायला मागणं हे आपलं काम.

चंदगडी

मग एस.टी.चं काय? जून २०२२ ला पुणे-नगर ई-शिवाई, एस.टी.ची विजेची बस, सुटली, पेपरात फोटो बघितला. आमच्या डेपोला अजून तीच लाल परी, तिचीही काच खालीवर होत नाही.

पुणेकर_सध्या

काच खालीवर न होणं हे सगळ्या इंधनांना लागू आहे.

लेखाशीर्ष

बराच माल जमला. आता मी एक साधी शीट बनवून इथं टाकतो. प्रत्येक गाडीसाठी रोजचे किलोमीटर, सगळ्यात लांबचा दिवस, उभं राहून एसी चालवलेले तास आणि मुक्कामाची जागा. चार गोष्टी भरल्या की कुठलं इंधन परवडतं ते खाली येईल. माहिती अधिकारात लॉगबुकाच्या प्रती मागता येतात, ज्यांना जमेल त्यांनी आपल्या गावच्या पालिकेच्या टिपरच्या मागवा. अधिकाऱ्यांच्या गाड्या नंतर.

@स्टिअरिंग, उभं राहण्याचे तास तुम्ही लोकांनी लिहिले तरच मिळतील.

स्टिअरिंग

शेरा रकान्यात लिहायला लागलोय साहेब. "प्रतीक्षा, इंजिन चालू, १ तास २० मिनिटे." परवा सही करताना वर विचारणा झाली, हे काय नवीन. म्हटलं, लेखापरीक्षणाला लागतं.

लेखाशीर्ष

लागतंच. आक्षेप निघाला तर माझं नाव सांगा, टोपणनाव.